हसण्याचा हिशेब

एक माणूस मरताना मुलाला सांगून जातो, तुझ्या सावत्र आईकडे आणि तिन्ही बहिणींकडे बघ. मुलगा शब्द देतो. शब्द देताना त्याच्या मनात खोट नसते. बहिणींना प्रत्येकी १,००० पौंड द्यावेत असं तो आपणहून ठरवतो. हाती आलेल्या इस्टेटीमुळे त्याच्या उत्पन्नात वर्षाला ४,००० पौंडांची भर पडणार असते, तेव्हा ३,००० काही जड नाहीत. कितीतरी दिवस तो स्वतःच्या या उदारपणावर खूश असतो. मग तो बायकोशी बोलतो.

जेन ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’चं (१८११) दुसरं प्रकरण जवळजवळ सगळं या नवरा-बायकोच्या बोलण्याचंच आहे. बायको म्हणते, आपल्या एकुलत्या एका लेकराच्या तोंडचं काढून सावत्र बहिणींना कशाला? मग प्रत्येकी ५०० द्यावेत. तेही जास्तच वाटतात. मग आईला हयातभर वर्षाला १०० पौंडांचं वर्षासन लावून द्यावं. यावर बायको सांगते की वर्षासन घेणारी माणसं कधी मरतच नाहीत. तिच्या वडिलांनी तीन म्हाताऱ्या नोकरांना वर्षासन लावून ठेवलं होतं. दर वर्षी दोनदा पैसे पोचवायचे. त्यात एकजण मेला अशी बातमी आली आणि नंतर कळलं की मेलेलाच नाही. तिच्या आईला केवढा मनस्ताप झाला! मग वर्षासन नको, मधूनमधून ५० पौंड पाठवू. आणि शेवटी तेही नको. बिऱ्हाड हलवताना थोडी मदत करावी, हंगामात मासे आणि शिकार पाठवावी, वडिलांना एवढंच अभिप्रेत असणार. चार बायकांना वर्षाला ५०० पौंड मिळणारच आहेत, त्यांना गाडी नाही, घोडे नाहीत, खर्च तो कसला? उलट त्याच आपल्याला काही देऊ शकतील! जाता जाता बायकोला आठवतं की सासूबाईंकडे गेलेला न्याहारीचा चिनी मातीचा सेट या घरातल्या सेटपेक्षा दुप्पट देखणा आहे.

इंग्रजी कादंबरी वाचायला कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलं की मी हे एक प्रकरण वाचायला सांगते. पाच-सहा पानांत ३,००० पौंडांचे शून्य होतात, आणि या सबंध संवादात एकही वाईट शब्द नाही. प्रत्येक पायरीला कारण आहे: मुलावरची माया, नवऱ्याची काळजी, दूरदृष्टी. लेखिका त्यांना लोभी म्हणत नाही. आदल्याच प्रकरणात तिने या मुलाची ओळख अशी करून दिली आहे की तो काही वाईट वृत्तीचा तरुण नव्हता. आता थोडं कोरडं आणि बरंचसं आपमतलबी असण्याला कुणी वाईट वृत्ती म्हणत असेल तर गोष्ट वेगळी. वाचताना हसू येतं. हसू ओसरलं की कळतं, आपल्या डोळ्यांदेखत चार बायकांच्या पायाखालची जमीन काढून घेतली गेली आणि ती घेणारी माणसं रात्री शांत झोपणार आहेत.

रीतभात, लग्नं, भेटीगाठी, मेजवान्या यांच्याभोवती फिरणाऱ्या या इंग्रजी कादंबऱ्यांतला उपरोध म्हणजे सुखवस्तू लोकांची गंमत, असा समज आपल्याकडे आहे आणि इंग्लंडमध्येही होता. ‘जेन एअर’ लिहिणाऱ्या शार्लट ब्राँटीने १८४८ साली जी. एच. लुइस या समीक्षकाला लिहिलेल्या पत्रात ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ला नीट कुंपण घातलेली, निगुतीने राखलेली बाग म्हटलं, तिथे मोकळं रान नाही, मोकळी हवा नाही, ही तिची तक्रार. ब्राँटीबद्दल मला अतोनात आदर आहे, पण ही तक्रार मला पटत नाही. कुंपण आहे हे खरंच. पण त्या कुंपणाच्या आत राहणाऱ्यांपैकी कुणाच्या नावावर काय आहे आणि कुणाला उद्या बाहेर काढता येईल, हे ऑस्टिनइतकं चोख दुसऱ्या कुणी मांडलेलं मी वाचलेलं नाही.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चं (१८१३) पहिलं वाक्य सगळ्यांना माहीत आहे. बक्कळ पैसा असलेल्या अविवाहित पुरुषाला बायकोची गरज असणारच, हे म्हणे जगन्मान्य सत्य. ते वाक्य सुटं उद्धृत करायची सवय लागल्यामुळे त्याच्या पाठोपाठ येणारं वाक्य विसरलं जातं. असा पुरुष मुक्कामाला आला की त्याच्या मनात काय आहे याचा कुणाला पत्ता नसला तरी आजूबाजूची कुटुंबं त्याला आपल्या कुठल्या ना कुठल्या मुलीची हक्काची मालमत्ता समजू लागतात, असं ते सांगतं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची होत असे. इथे शब्द उलटे फिरवले आहेत. पुरुष मालमत्ता आणि मुली मालक. सत्य नेमकं याच्या विरुद्ध आहे. गरज त्याला नाही. गरज आहे ती जिच्याजवळ पैसा नाही त्या मुलीला.

किती गरज, याचे आकडे कादंबरीतच आहेत. बेनेट कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड. मुली पाच. इस्टेट फक्त पुरुष वारसाला मिळेल अशी आधीच बांधून ठेवलेली, त्यामुळे बाप गेला की घर दूरच्या नात्यातल्या कॉलिन्सचं. पाचांतल्या दुसरीला, एलिझाबेथला, मागणी घालताना हा कॉलिन्स तिला मोठ्या मनाने आश्वासन देतो की तुझ्या वाट्याला आई गेल्यावर चार टक्क्यांनी गुंतवलेले अवघे १,००० पौंड येतील हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल मी तुला कधी टोचून बोलणार नाही. म्हणजे वर्षाला ४० पौंड. ती नकार देते. तिची मैत्रीण शार्लट लुकस २७ वर्षांची आहे, देखणी नाही, माहेरी पैसा नाही. ती त्याच माणसाला होकार देते. पुरुषांबद्दल किंवा लग्नाबद्दल तिचं मत फार चांगलं नाही, पण शिकलेल्या आणि गरीब मुलीला अब्रूने जगायचा तेवढा एकच मार्ग आहे हे तिला माहीत आहे. या शार्लटवर ऑस्टिन कुठेही तोंडसुख घेत नाही. तिच्याबद्दल लिहिताना वाक्यं एकदम सरळ होतात. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

ऑस्टिनने हे दुरून पाहिलेलं नव्हतं. १८०२ च्या डिसेंबरात, सत्ताविसावं वर्ष पुरं व्हायला दोन आठवडे उरलेले असताना, तिला एका मोठ्या इस्टेटीच्या वारसाने मागणी घातली. संध्याकाळी तिने होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. १८०५ च्या जानेवारीत तिचे धर्मगुरू वडील बाथमध्ये वारले, त्यांच्याबरोबर त्यांचं उत्पन्नही गेलं. आई, बहीण कॅसँड्रा आणि जेन, तिघींचा संसार भाऊ मिळून पाठवत त्या पैशांवर चालू लागला. १८०९ मध्ये एडवर्ड या भावाने, जो श्रीमंत नातेवाइकांकडे दत्तक गेला होता, त्यांना चॉटनमधलं घर राहायला दिलं. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ तिथूनच बाहेर पडली; मुखपृष्ठावर तिचं नाव नव्हतं, ‘एका स्त्रीकडून’ एवढंच होतं. त्या पुस्तकाचे १४० पौंड आले हे तिने भावाला पत्रात अभिमानाने कळवलं आहे. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क तिने ११० पौंडांना विकले, तिला १५० हवे होते. बहिणींना वाऱ्यावर सोडणाऱ्या श्रीमंत भावाची ही कादंबरी छापून आली तेव्हा ती स्वतः भावाच्या घरात राहत होती. एडवर्ड तसा नव्हता. पण तसा निघाला असता तर काय, हा विचार त्या घरातल्या तीन बायकांना कधीच शिवला नसेल असं मला वाटत नाही.

ज्यांच्या मदतीवर जगायचं त्यांच्याबद्दल उघड बोलता येत नाही. १९४० मध्ये डी. डब्ल्यू. हार्डिंग या मानसशास्त्रज्ञाने ऑस्टिनवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधाला ‘नियंत्रित द्वेष’ या अर्थाचं नाव दिलं. ऑस्टिनला आवडीने वाचणारे पुष्कळ लोक नेमके तिला न आवडणाऱ्यांपैकीच असतात, असं काहीसं त्याचं म्हणणं. द्वेष हा शब्द मला टोकाचा वाटतो, नियंत्रित हा बरोबर वाटतो. तिची रीत अशी की पात्राच्या मनातलं वाक्य ती त्याच्या तोंडी न देता निवेदनात ठेवते, त्याच्याच शब्दांत, त्याच्याच लयीत. वाचणाऱ्याला आधी वाटतं की हे लेखिकेचं मत आहे. अर्ध्या वाटेवर लक्षात येतं की हा त्या माणसाच्या मनातला आवाज आहे आणि त्याला स्वतःला तो ऐकू येत नाहीये. ‘मॅन्सफील्ड पार्क’मधल्या (१८१४) मिसेस नॉरिसबद्दल ती लिहिते की चालणं, बोलणं आणि बेत आखणं इथपर्यंत बाई पूर्ण परोपकारी होत्या, आणि दुसऱ्याने औदार्य कसं दाखवावं हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. गरीब भाचीला सांभाळायची सगळी कल्पना त्यांची. सांभाळायचं मात्र बहिणीच्या नवऱ्याने. अशी बाई ज्याने पाहिली नाही असा मराठी वाचक मला भेटायचा आहे.

इथवर उपरोध हे दुर्बळाचं हत्यार झालं. पण ऑस्टिन मला जवळची वाटते ती याच्या पुढच्या पावलामुळे. ज्या हत्याराने ती जगली त्याची तिला भीतीही वाटत होती.

मिस्टर बेनेट घ्या. सबंध कादंबरीतला सगळ्यात विनोदी माणूस. बायकोचा मूर्खपणा, कॉलिन्सची लाचारी, शेजाऱ्यांची धांदल, सगळ्यावर त्यांच्याजवळ धारदार वाक्य तयार. पहिल्या प्रकरणापासून आपण त्यांच्या बाजूचे होतो. आणि हळूहळू हिशेब पुढे येऊ लागतो. लग्न झालं तेव्हा काटकसर करायची गरजच काय असं त्यांना वाटलं, कारण मुलगा होणारच होता. झाल्या पाच मुली. तेव्हा उशीर झालेला. गाठीला काही नाही. ज्या बायकोला ते आयुष्यभर हसले, तिची मुलींच्या लग्नांची घाई हास्यास्पद खरी, पण पैशाच्या बाबतीत त्या घरात धोका दिसत होता तो तिलाच. नेदरफील्डच्या नाचाच्या रात्री मधली मुलगी मेरी दुबळ्या आवाजात गात राहते. एलिझाबेथ वडिलांकडे विनवणीच्या नजरेने पाहते, आता थांबवा हिला. ते थांबवतात, भर सभेत तिला सांगतात की तू आम्हाला पुरेसा आनंद दिलास, आता बाकीच्या मुलींनाही संधी मिळू दे. वाक्य झकास आहे. मेरी ओशाळते. तिचं वाईट वाटतं ते एलिझाबेथला, आणि आपण उगाच नजर टाकली असंही वाटून जातं.

धाकट्या लिडियाला ब्रायटनला पाठवू नका म्हणून एलिझाबेथ परोपरीने सांगते. ते हसण्यावारी नेतात. नाही पाठवली तर घरात शांतता मिळणार नाही. लिडिया विकहमबरोबर पळून जाते. त्या काळात याचा अर्थ पाचही बहिणींची लग्नं बुडाली. लंडनहून हात हलवत परतल्यावर बाप मुलीला म्हणतो, आयुष्यात एकदा तरी माझा दोष मला जाणवू दे. लगेच पुढे म्हणतो, या भावनेने मी खचून जाईन अशी भीती मला नाही, ती लवकरच जाईल. आणि खरोखर जाते. शेजाऱ्यांची करमणूक करायची आणि मग आपली पाळी आली की त्यांना हसायचं, यापलीकडे जगण्याला अर्थ तो काय, हे त्यांचं सुप्रसिद्ध वाक्य कपांवर आणि पिशव्यांवर छापलेलं असतं. ते ऑस्टिनचं जीवनविषयक मत म्हणून खपतं याचा मला मनापासून राग येतो. लिडियाचं प्रकरण निस्तरल्यानंतर, तेही दुसऱ्याच माणसाच्या पैशाने निस्तरल्यानंतर, हे वाक्य येतं. ते ऐकताना एलिझाबेथला हसू येत नाही; हसावं लागतं.

‘एमा’त (१८१५ च्या डिसेंबरात आली) ऑस्टिनने हाच प्रश्न वाचकाच्या अंगावर आणला. मिस बेट्स ही गावच्या आधीच्या धर्मगुरूची मुलगी, अविवाहित, मध्यमवयीन, म्हाताऱ्या आईला घेऊन माडीवरच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी. ती अखंड बोलते. तिची बोलणी पानपानभर चालतात, एका वाक्यातून दुसरं, त्यातून भाजलेली सफरचंदं, त्यातून आईचा चष्मा. वाचणारा कंटाळतो आणि हसतो. लेखिकेने हे मुद्दाम केलं आहे. निम्म्याहून अधिक कादंबरी आपण मिस बेट्सना हसत आलेलो असतो आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही.

मग सरे परगण्यातल्या बॉक्स हिलवरची सहल. फ्रँक चर्चिल खेळ काढतो: प्रत्येकाने एक फार हुशारीची गोष्ट सांगावी, किंवा दोन बऱ्यापैकी, किंवा तीन अगदी रटाळ. मिस बेट्स सगळ्यांकडे विश्वासाने बघत म्हणतात, मग मला काळजी नको, तोंड उघडलं की तीन रटाळ गोष्टी माझ्या तोंडून येणारच, नाही का? कादंबरीची तरुण, श्रीमंत नायिका एमा, तिला राहवत नाही. अडचण एवढीच की तुम्हाला संख्येची मर्यादा आहे, एका वेळी फक्त तीन, असं ती बोलून जाते.

मिस बेट्सना अर्थ पटकन कळत नाही. कळतो तेव्हा राग येत नाही, फक्त चेहरा किंचित लाल होतो. त्या एमाचा जुना स्नेही नाइटली याच्याकडे वळून म्हणतात, आलं माझ्या लक्षात, मी गप्प राहायचा प्रयत्न करीन. मी फार कंटाळवाणी होत असणार, एरवी जुन्या मैत्रिणीला ती असं म्हणाली नसती.

परतीच्या वेळी नाइटली एमाला जे सुनावतो त्यात सभ्यतेच्या नियमांचा भाग थोडा आहे. बाकी सगळा हिशेबच आहे. ती तुझ्या बरोबरीची असती, श्रीमंत असती, तर मी काही बोललो नसतो. ती गरीब आहे. ज्या सुखात जन्मली त्यातून खाली आली आहे आणि म्हातारी होईल तेव्हा आणखी खाली गेलेली असेल. एमा गाडीत बसल्यावर जवळजवळ घरापर्यंत रडते. पहिल्यांदा वाचताना माझंही तोंड उतरलं होतं, कारण बॉक्स हिलवरचं ते वाक्य वाचून मीही हसले होते.

धर्मगुरूची मुलगी, अविवाहित, तुटपुंज्या पैशांत, म्हाताऱ्या आईबरोबर राहणारी. हे वर्णन मिस बेट्सचं आहे आणि शब्दन्‌शब्द जेन ऑस्टिनचंही. आधी एका प्रकरणात एमा म्हणते की अविवाहित राहण्यात नाचक्की नाही, नाचक्की गरिबीची आहे. पैसेवाल्या अविवाहित बाईला जग मान देतं, गरीब असेल तर ती पोरांच्या चेष्टेचा विषय. हे वाक्य लिहिणाऱ्या बाईचं वय तेव्हा चाळिशीला टेकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एमा त्यांच्या घरी जाते. मिस बेट्स नेहमीसारख्या कृतज्ञ. किती तुम्ही चांगल्या, आणि तुम्ही नेहमीच चांगल्या असता, असं त्या मनापासून म्हणतात. त्यांच्या बोलण्यात तिरकस काही नाही, त्यांना ते येतच नाही. ते ‘नेहमीच’ एमाला सोसवत नाही आणि ती घाईघाईने विषय बदलते. कादंबरीभर चाललेल्या सगळ्या चतुर संभाषणांपेक्षा हा एक भाबडा शब्द खोल जातो. मला इंग्रजी कादंबरीतली दहा पानं निवडायला सांगितली तर त्यांत हे पान असेल.

पुढच्यांनी हे कमी-अधिक घेतलं. थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’मधली (१८४७-४८) बेकी शार्प म्हणते की वर्षाला ५,००० पौंड असते तर मीही सद्गुणी झाले असते, थॅकरे ते पूर्ण खोडून काढू शकत नाही, पण त्याचा उपरोध सगळ्यांवर सारखाच बरसतो आणि म्हणून मला थोडा दमवतो. गॅस्केलबाईंच्या ‘क्रॅनफर्ड’मध्ये गावातल्या गरीब, कुलीन बायका पैसा खर्च करण्याला उथळपणा मानायचं ठरवतात आणि त्यामुळे कुणालाच गरिबी दिसत नाही, सांगणारी त्यांच्यातलीच एक होऊन बोलते, तिथे हसण्यात माया आहे. आणि जॉर्ज इलियट ‘मिडलमार्च’मध्ये (१८७१-७२) नायिका डोरोथियाबद्दल एक वाक्य सुरू करून मध्येच थांबते आणि विचारते, नेहमी डोरोथियाच का? मग ज्या रूक्ष, म्हाताऱ्या नवऱ्याला आपण एवढा वेळ हसलो त्याच्या मनात शिरते. बॉक्स हिलवर जे शिकवलं गेलं ते इलियटने मनावर घेतलं होतं असं मी मानते.

खुद्द ऑस्टिन एका ठिकाणी घसरली. १८१६ च्या उन्हाळ्यात, तब्येत ढासळत असताना पूर्ण केलेली ‘पर्स्युएशन’, तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेली. त्यात मिसेस मसग्रोव्ह दोन वर्षांपूर्वी परदेशी मेलेल्या मुलाच्या आठवणीने सुस्कारे सोडतात. मुलगा आडदांड, नालायक. घरी आवरेना म्हणून आरमारात धाडलेला. जिवंत असताना कुणाला त्याची पर्वा नव्हती. निवेदिका त्या आईच्या लठ्ठपणाला आणि तिच्या सुस्काऱ्यांना एकत्र हसते. वर युक्तिवादही करते की स्थूल माणसालाही दुःखाचा हक्क आहे हे मान्य, पण न्याय्य असो वा नसो, काही गोष्टी एकत्र आल्या की हसू येणारच. हे वाचून दरवेळी मी अडखळते. मेलेल्या मुलाची आई आहे ती. मुलगा नालायक होता म्हणून आईचं दुःख खोटं होत नाही, हे मिस बेट्स लिहिणारीला कुणी सांगायला नको होतं. ती आजारी होती, पुस्तकावर शेवटचा हात फिरवायला वेळ मिळाला नसेल, अशी बाजू तिचे चाहते मांडतात. मला ती पुरेशी वाटत नाही.

पण त्याच प्रसंगात कॅप्टन वेंटवर्थ आहे. तो मुलगा काही महिने त्याच्या जहाजावर होता आणि तो किती डोकेदुखी होता हे त्याला पुरतं माहीत आहे. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर एक छटा येऊन जाते, ती फक्त नायिकेला, ॲनला, दिसते. मग तो उठून त्या आईशेजारी कोचावर जाऊन बसतो आणि खालच्या आवाजात तिच्याशी मुलाबद्दल बोलू लागतो, तिच्या दुःखात जेवढं खरं होतं तेवढ्याचा पूर्ण मान राखून. निवेदिकेला जे जमलं नाही ते तिने आपल्या नायकाकडून करवून घेतलं. हे तिला कळून झालं की न कळत, यावर माझा एका मैत्रिणीशी जुना वाद आहे. मैत्रीण म्हणते, न कळत. मी म्हणते, ज्या बाईने एमाला बॉक्स हिलवरून रडत घरी पाठवलं तिला हे कळल्याशिवाय राहिलं नसणार.